एक मीटर चाळीस

मित्रांनो, मी एक जुना साउंडर आहे आणि सध्या पोलीस ठाण्यात राहतो. मुद्देमाल ठेवायच्या खोलीत तिसऱ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात मला ठेवलं आहे. माझ्या एका बाजूला कुणाच्या तरी घरून चोरीला गेलेल्या पितळी समया आहेत, दुसऱ्या बाजूला काच फुटलेला टीव्ही. माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर गुन्ह्याचा नंबर आहे आणि लाखेचं सील. मी कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला मारलं नाही, तरी माझ्यावर नंबर पडला. तो कसा पडला, ते सांगतो.

साउंडर म्हणजे पाण्याची खोली मोजणारं यंत्र. माझा भाकरीएवढा एक भाग होडीच्या बाजूनं पाण्यात सोडतात. तो खाली 'टक्' असा आवाज पाठवतो. आवाज तळाला लागून परत येतो. त्याला किती वेळ लागला यावरून मी खोली काढतो आणि होडीत ठेवलेल्या माझ्या पिवळ्या पेटीवर आकडा दाखवतो. एवढंच माझं काम. मला गोड बोलता येत नाही, आकडा फुगवता येत नाही आणि लपवताही येत नाही. याचा मला पूर्वी फार अभिमान होता.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा थंड गावात झाला, असं माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर लिहिलं आहे. मला तिथलं काही आठवत नाही. मुंबई बंदरात एका मोठ्या कंपनीच्या बोटीवर मी अकरा वर्षं राबलो. मग तिथे रंगीत पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मला मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारात काढलं. त्या ढिगातून मला धनेशनं उचललं.

धनेशचं घराणं वसईच्या खाडीकाठी भात लावणारं. त्यानं मात्र मोजणीचं शिक्षण घेतलं आणि होळी नावाच्या बाजारात, बी-बियाणं आणि खताच्या दुकानावरच्या माडीवर, आपलं छोटं ऑफिस थाटलं. प्लॉट मोज, रस्ता मोज, अशी कामं तो करायचा. मी आल्यावर तो पाणीही मोजू लागला. पहिल्या दसऱ्याला त्याच्या आईनं मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्यातली एक पाकळी माझ्या बटणाच्या फटीत जाऊन बसली, ती वर्षभर निघाली नाही. मला त्याचा राग आला नाही. अकरा वर्षं मोठ्या कंपनीत काढली, तिथे मला कुणी ओल्या फडक्यानंसुद्धा पुसलं नव्हतं.

मग सरकारी कंत्राट मिळालं. खाडीच्या तोंडापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत तळ मोजायचा आणि त्याचा नकाशा करून द्यायचा. धनेशनं या कामासाठी प्रियलला नोकरीवर घेतलं. ही पाचूबंदर या कोळीवाड्यातल्या सेबेस्टियनची थोरली पोर. सेबेस्टियनची स्वतःची होडी, म्हणून बंदरावर त्याला सगळे नाखवा म्हणत. त्याचीच होडी कामाला भाड्यानं ठरली आणि होडीवरचा जुना खलाशी रामू तिच्याबरोबर आला.

काम सुरू होण्याआधी एक कागद आला. त्यावर कायद्याचं कलम छापलं होतं आणि खाली प्रत्येकानं सही करायची होती. धनेशनं तो मोठ्यानं वाचला. कंत्राटदारानं किंवा त्याच्या माणसांनी या कामातली कुठलीही माहिती शत्रुराष्ट्राला, तिथल्या कंपनीला किंवा त्यांच्या ताब्यातल्या यंत्रणेला, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं, मिळू देऊ नये. पाण्याखाली धोक्याची जागा आढळल्यास कंत्राटदारानं आपल्या सहीच्या पत्रानं बंदर खात्याला तात्काळ कळवावं.

"आपल्या खाडीचा चिखल कोण चोरायला येणारेय," धनेश हसून म्हणाला. "कर सही, प्रियल. फॉर्मॅलिटी आहे."

प्रियलनं सही केली. पण आधी तिनं तो कागद दोनदा वाचला, हे मी पाहिलं. मला ती तेव्हाच आवडली.

एप्रिल आणि मे असे दोन महिने आम्ही पाण्यावर होतो. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी माझी परीक्षा व्हायची. रामू खुणा केलेल्या दोरीला एक लोखंडी पाटी बांधून माझ्याखाली सोडायचा. दोन मीटरवर सोडली की मी दोन दाखवायला हवं, पाच मीटरवर पाच. रामू शाळेत फारसा गेला नव्हता, पण दोरी पकडून असा उभा राहायचा, की परीक्षा घेणारे साहेब तोच. आणि मला म्हणायचा मास्तर, कारण मी सारखे आकडे सांगायचो.

"मास्तर, पानी किती?" तो रोज विचारायचा. मी आकडा दाखवला की दोरीकडे बघून मान हलवायचा. "बराबर. चल आता."

वाऱ्यानं लाटेचे शिंतोडे यायला लागले की खांद्यावरचा पंचा काढून तो माझ्या पेटीवर टाकायचा. स्वतः भिजायचा. एकदा प्रियल म्हणाली, "रामूकाका, तो वॉटरप्रूफ आहे." त्यावर रामू म्हणाला, "आसंल. पन म्हातारा हाय ना तो. सर्दी व्हईल." मित्रांनो, मला सर्दी होत नाही. तरी तेव्हा मला फार बरं वाटलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तो खडप सापडला. होड्या जिथून रोज बाहेर पडतात त्या वाटेवरच, पाण्याखाली दडलेला खडक. पूर्वी त्याच्यावर रेती होती. रेती कुठेतरी सरकली आणि हा उघडा पडला. सात मीटर, साडेसहा, सात, असे आकडे मी देत होतो आणि एकदम एक मीटर चाळीस आलं. प्रियलनं होडी वळवायला लावली. आम्ही त्याच रेषेवरून पुन्हा गेलो, मग आडव्या रेषेनं गेलो. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. तेव्हा पूर्ण ओहोटी होती, म्हणजे ओहोटीला त्या खडकावर फक्त एक मीटर चाळीस पाणी उरत होतं, आणि भरलेली होडी त्याहून जास्त पाण्यात बसते.

सेबेस्टियननं टोपी काढून डोकं खाजवलं. "चाळीस वर्सं या वाटेनं जातोय. हा नव्हता."

आता पाचूबंदरची एक रीत सांगतो. कुणाला मासळीची चांगली जागा सापडली तर तो ती सख्ख्या भावालाही सांगणार नाही. पण कुणाला खडप सापडला, तर त्याच दिवशी सगळ्या होड्यांना सांगायचा. ज्याच्याशी भांडण आहे, त्याच्याही दारात जाऊन सांगायचा. न सांगणाऱ्याच्या घरी लग्नाला माणूस जात नाही. जुने लोक देवळाचा मनोरा आणि किल्ल्याचा बुरूज अशा दोन खुणा जुळवून जागा सांगायचे. आता त्या खुणांच्या आड इमारती आल्या आहेत आणि तरुण पोरं जागा मोबाइलवर ठेवतात. मासेमारीचं एक फुकटचं ॲप सगळ्या होड्यांवर असतं. जागेवर बोट ठेवलं की तिथे लाल ठिपका उमटतो आणि तो सगळ्यांना दिसतो.

प्रियलनं त्याच संध्याकाळी बंदर खात्यासाठी पत्र टाइप केलं. पाच ओळींचं होतं. जागा, खोली, तारीख. माझी पेटी तिच्या टेबलावरच होती. धनेशनं ते वाचलं आणि सही केली नाही.

"आता पाठवलं ना, की ते शंभर प्रश्न विचारतील, पुन्हा मोजा म्हणतील. शेवटी नकाशाबरोबर सगळं एकदमच देऊ."

"सर, कागदावर तात्काळ लिहिलंय."

"अगं, आता पावसाळा. दोन महिने होड्या बंदच असतात. कोण आपटणारेय? टेन्शन नको घेऊ."

जून गेला, जुलै गेला. पत्र कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलं. नकाशाचं काम लांबत गेलं. प्रियलनं दर आठवड्याला आठवण केली आणि धनेश दर आठवड्याला हो म्हणाला. धनेश वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. तो फक्त आजचं काम उद्यावर टाकणारा होता. अशी माणसं दुसऱ्याचं किती नुकसान करतात, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

होड्या सुटायच्या आदल्या दिवशी दुपारी सेबेस्टियन माडीवर आला. धनेश बाहेर गेला होता.

"बाय, उद्या सगल्या होड्या त्या वाटेनं जातील," तो म्हणाला. "मी दोन महिने गप ऱ्हायलो, का तू म्हनालीस पत्र जानार. गेला का पत्र?"

"नाही, पापा."

"मग आता पोटात ठेवून मना झोप लागंल का? स्टॅनीची होडी पन जानार, तुझ्या काकाची. मी आत्ता बंदरावर सांगतो."

"पापा, तुम्ही तोंडी सांगाल तर पन्नास हात इकडेतिकडे होईल. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत बसली. "एकच ठिपका टाकते. बरोबर जागेवर."

तिचा हेतू एका ठिपक्याचाच होता, हे मी कुठल्याही न्यायालयात सांगेन. जागा अचूक पडावी म्हणून तिनं माझ्या पोटातलं, जागा आणि आकडे साठवणारं कार्ड काढून मोबाइलला जोडलं. ॲपनं विचारलं, फाइल घेऊ का? तिनं हो म्हटलं. तिला वाटलं, त्यातली ती एक जागा निवडायला मिळेल. पण ॲपनं सगळी फाइल गिळली. दोन महिन्यांच्या सगळ्या रेषा, सगळे आकडे, खाडीच्या तोंडापासून बाहेरपर्यंतचा सगळा तळ. आणि ते ॲप चालवणारी कंपनी होती त्या देशातली, ज्याच्या सीमेवर आपले जवान बंदूक घेऊन उभे असतात. पाचूबंदरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, कारण ते फुकट होतं.

मी तेव्हा बंद होतो. चालू असतो तरी काय केलं असतं? मी खोली सांगतो. थांब म्हणायची सोय माझ्यात नाही.

ऑगस्ट, सप्टेंबर होड्या त्या लाल ठिपक्याला वळसा घालून सुखरूप गेल्या. स्टॅनीनं भावाच्या घरी पापलेटं पाठवली. ऑक्टोबरात कुणीतरी ॲपवरच्या त्या फाइलचा फोटो काढून सरकारी खात्याकडे धाडला. फाइलच्या माथ्यावर धनेशच्या ऑफिसचं नाव आणि कंत्राटाचा नंबर होता. मग गाड्या आल्या. पंचनामा झाला. मी, माझं कार्ड, ऑफिसचा कॉम्प्युटर, प्रियलचा मोबाइल, सगळं पिशव्यांत भरून सील झालं. धनेशचं नाव काळ्या यादीत गेलं. जबाबात त्यानं सांगितलं, की मुलीनं हे परस्पर केलं, त्याला काही माहीत नव्हतं. हे खरंच होतं. पण पत्राबद्दल तो काही बोलला नाही.

बंदरावरही पोलीस गेले. त्यांनी प्रत्येक होडीवाल्याकडून ते ॲप काढून टाकायला लावलं. तेही बरोबरच होतं. मित्रांनो, किनाऱ्याचा तळ म्हणजे घराचं मागचं दार. ते कुठून उघडतं हे परक्याला कळू नये, म्हणूनच तो कायदा आहे. मी आयुष्यभर तळ पाहिला आहे, मला त्याची किंमत कळते. पण ॲप गेलं आणि त्याच्याबरोबर लाल ठिपकाही गेला.

प्रियलला अटक झाली, मग जामीन मिळाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि या कामातली एकही गोष्ट कुणापाशी बोलायची नाही, अशी अट होती. हजेरीचं टेबल माझ्या खोलीच्या जाळीच्या दाराबाहेरच आहे. तिथे हेमांगी नावाची हवालदार बसते. त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"मॅडम, त्या यंत्रात एक आकडा आहे," प्रियल पहिल्याच सोमवारी म्हणाली. "तो बंदर खात्याला कळायला हवा. होड्या आपटतील."

"सील कोर्टाच्या आदेशाशिवाय तुटत नाही, बाळा," हेमांगी म्हणाली. "अर्ज दे."

"मी तोंडी सांगितलं तर?"

"तुझ्या वकिलाला विचार."

वकिलानं तिला निक्षून सांगितलं होतं, एक आकडा तोंडातून निघाला तर जामीन जाईल. तिनं अर्ज दिला. तारीख पडली, पुढे ढकलली, पुन्हा पडली. दर सोमवारी ती विचारायची आणि हेमांगी वहीवरून मान वर न करता नाही म्हणायची. प्रियलचा आवाज दर सोमवारी थोडा बारीक होत गेला. बंदरावर खडपाचं नाव काढायलाही लोक भ्यायले होते. नाव काढलं तर पोलीस येतात, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सेबेस्टियनची होडी चौकशीसाठी अडकवून ठेवली होती, म्हणून रामू स्टॅनीच्या होडीवर जाऊ लागला.

जानेवारीतल्या एका सोमवारी प्रियल उशिरा आली. सही करायला तिनं पेन घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"काय झालं?" हेमांगीनं विचारलं.

"रामूकाका गेले."

मग ती बोलली. गेल्या आठवड्यातल्या एका सकाळी धुकं होतं. ओहोटी पूर्ण लागलेली. स्टॅनीला जागा नीट आठवत नव्हती. रामूलाही आता नक्की सांगता येईना, पण तो खडप आसपास आहे एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं स्टॅनीला होडी हळू घ्यायला सांगितलं. एक बांबू घेतला, त्यावर हातहातभर अंतरावर चुन्याच्या खुणा केल्या आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पोटावर आडवा होऊन पाण्यात बांबू टेकवत राहिला. होडी आपटली तेव्हा तो पुढच्या बाजूनं खाली गेला. ओहोटीच्या ओढीनं त्याला बाहेर नेलं. स्टॅनीला आणि बाकीच्यांना दुसऱ्या होडीनं उचललं. रामू तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या वाळूत सापडला.

"स्टॅनीकाका सांगत होते," प्रियल म्हणाली, "शेवटपर्यंत बांबूला विचारत होते ते. पानी किती, पानी किती."

मित्रांनो, मी लोखंड आणि तारा यांचा बनलेला आहे. दुःख कुठे होतं, ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी ते झालं. माझं काम तो माणूस बांबूनं करत होता आणि मी सील लावून फळीवर बसलो होतो.

प्रियलनं सही केली नाही. "मला एक कोरा कागद द्या," ती म्हणाली. हेमांगीनं वहीतलं पान फाडून दिलं. प्रियलनं त्यावर न थांबता लिहिलं. खडपाची जागा, अंशात आणि मिनिटांत, आणि खाली खोली. इतके महिने तिनं ते आकडे डोक्यात धरून ठेवले होते. मी जाळीतून ऐकत होतो. ती लिहिताना पुटपुटत होती. एकही आकडा चुकला नाही.

"हे घ्या. आता जामीन रद्द करायचा तर करा. मी ऑक्टोबरातच तोंडानं सांगायला हवं होतं."

हेमांगीनं कागद वाचला. मग उठून साहेबांच्या खोलीत गेली. त्याच आठवड्यात कॉम्प्युटर उघडून तपासला गेला आणि मेमधलं ते पत्र सापडलं. हेमांगीनं पंचनाम्याच्या यादीत लिहिलं: पत्र एक, पाच ओळी, सही नाही.

आता त्या खडपावर बंदर खात्यानं लाल बोया नांगरला आहे. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी धोक्याची मोठी खूण. त्यावर दिवाही आहे म्हणे. पाचूबंदरच्या होड्या त्याला वळसा घालून जातात. प्रियलचा जामीन रद्द करावा, असा अर्ज कोर्टात आला आहे. निकाल लागायचा आहे. ती अजून सोमवारी येते. सेबेस्टियन तिला सोडायला येतो आणि बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसतो.

गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची आम्हा यंत्रांना सवय असते. मीही मागतो. गुपितं जपा, मित्रांनो. फुकट मिळालेली वस्तू कुणाची आहे, ते विचारल्याशिवाय तिला आपल्या घरातलं काही देऊ नका. ज्या कागदावर तात्काळ लिहिलं आहे, त्यावर आजच सही करा. आणि दाराला कुलूप लावण्याआधी एकदा हाक मारून बघा, आत आपलं कुणी राहिलं तर नाही ना.

मला आता कुणी वीज देत नाही. पाण्यात जाणारा माझा भाग कोरडा पडून तडकला आहे. खटला संपेल तेव्हा मी भंगारात जाईन, हे मला कळतं. तरी रोज सकाळी, बाहेर शिपाई अंगणात पाणी मारतो तेव्हा, मी सवयीनं तयार होऊन बसतो. दोरी खाली सुटेल, कुणीतरी विचारेल, मास्तर, पानी किती?

एक मीटर चाळीस, रामू. एक मीटर चाळीस.